फोटोतून गेलेलं दुकान

मोहननं जे केलं ते सुमित्राबाईंच्या घशाखाली उतरेना. पोरगा अमेरिकेतल्या अर्विंगच्या नगरपालिकेला उभा राहिला, घरात गुळगुळीत पत्रकांचे गठ्ठे आले, इथवर ठीक. पण पत्रकावर बापाचा फोटो छापला तो कापून! कोट, टोपी, मिशा शाबूत. हातातली तागडी आणि मागच्या गुळाच्या ढेपा गायब. खाली काय लिहिलंय ते नात दीपानं सांगितलं: ब्रिटिश काळातले मोठे उद्योजक आणि नगराध्यक्ष.

“उद्योजक!” सुमित्राबाई कडाडल्या. “मीठमिरची विकायचे ते. तू शिकलास ते त्याच मिरचीवर.”

“आई, इथल्या लोकांना ते कसं वाटेल?” मोहन टाय आवळत म्हणाला. “तू फक्त शनिवारच्या सभेत नऊवारी नेसून स्टेजवर बस. प्लीज.”

तो ऑफिसला गेला. सुमित्राबाई पत्रकाकडे बघत राहिल्या. मोहनचे वडील एकनाथशेट नगराध्यक्ष झाले तरी रोज सकाळी दुकानाच्या गादीवर असत. साखर न्यायला आलेली बाई गटार तुंबल्याचं सांगे. शेट ते पुडीच्या कागदावर लिहीत आणि कागद तारेला टोचत. दुपारी ती तारच घेऊन नगरपालिकेत जात. इंग्रज कलेक्टर तारेला हसला होता. हसेना का. गटार उपसलं गेलं.

“दीपा, गाडी काढ.”

ओळखीच्या प्रल्हादच्या इंडियन ग्रोसरीच्या दाराशी त्यांनी खुर्ची मांडली. येईल त्याला अडचण विचारायची, दीपानं वहीत लिहायचं. कोणाच्या कोपऱ्यावर दिवा नव्हता. कोणाच्या अपार्टमेंटचा कचरा आठवडाभर पडून होता. एक विद्यार्थी म्हणाला, “आजी, गाडी नसेल तर इथं माणूस लंगडाच, यार. बसच नाही.” संध्याकाळपर्यंत वही अर्धी भरली.

घरी मोहन वाटच बघत होता. “प्रल्हादचा फोन आला. किराणा दुकानाच्या दारात बसलीस? आई, त्यातल्या निम्म्यांना मतच नाही! सिटिझन नाहीत ते.”

“तेव्हा तरी सगळ्यांना कुठं होतं? घरपट्टी भरणाऱ्यांनाच मत. कुंभारवाड्यात एकालाही नव्हतं. तरी पहिला नळ तुझ्या बाबांनी तिथंच नेला.”

“शी इज राइट, डॅड,” दीपा वही पुढे करत म्हणाली.

मोहननं वही घेतली नाही. “पत्रकं छापून झालीत. आता काय करू?”

सुमित्राबाई उठल्या, पदर खोचला.

“शनिवारी मी त्या स्टेजवर पाय ठेवणार नाही, मोहन. खरं सांगून पडलास तर तुझ्या पाठीवरून हात फिरवीन, गोडाचं करून घालीन. पण बाप लपवून निवडून आलास, तर त्या खुर्चीत तू चोरासारखा बसशील. ते बघायला मी इथं थांबणार नाही. माझं परतीचं तिकीट काढून ठेव.”