माळ्यावरच्या दोन खोल्या

हेर ब्रांडेस, म्हणजे ब्रांडेससाहेब, आपल्या चान्सलरवर जितके खूश होते, तितका माणूस स्वतःच्या जावयावरसुद्धा खूश नसतो. १९५७ सालचा उन्हाळा होता. सप्टेंबरात निवडणूक व्हायची होती, पश्चिम जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या भिंतीभिंतीवर म्हाताऱ्या चान्सलर आडेनाउअरचा चेहरा डकवलेला होता आणि घोषणा एकच होती, 'प्रयोग नकोत.' ब्रांडेस ते वाक्य जेवणाआधी आणि जेवणानंतर म्हणत. त्यांचा भाडेकरू भास्कर आगाशे तिथल्या टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तंत्रविद्यापीठात, पोलादावर प्रयोग करून डॉक्टर व्हायच्या खटपटीत होता, पण 'प्रयोग नकोत' म्हटलं की त्याचीही मान डोलायची. पोटापाण्यासाठी प्रयोग वेगळे आणि जगण्यातले वेगळे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

ब्रांडेस भाज्या डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यात फोरमन होते, आता निवृत्त. घर स्वतःचं, गावाच्या कडेला. खाली नवराबायको, मधल्या मजल्यावरच्या खोलीत भास्कर, आणि वर उतरत्या छपराखाली माळ्यावर दोन खोल्या. त्यातल्या एकीत श्रीनाथ राहायचा. तो नागपूरचा, रसायनशास्त्रात संशोधन करणारा. दुसऱ्या खोलीत जुन्या गाद्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या.

दर रविवारी दुपारी भास्करला खाली कॉफीचं बोलावणं असे. ब्रांडेसांच्या पत्नी, फ्राऊ ब्रांडेस, आलुबुखारांचा केक करत. त्यात अंडं असतं हे भास्करला पहिल्या रविवारीच कळलं होतं, पण मोठ्या माणसांच्या घरी पानातल्या वस्तूची चौकशी करू नये, हा संस्कार त्याला ऐन वेळी आठवला.

"माझी पेन्शन कुणी वाढवली?" ब्रांडेस विचारत. "रशियाच्या कैदेतून आमची पोरं कुणी सोडवून आणली? माझा भाचा दहा वर्षांनी घरी आला, हेर आगाशे. कुणी आणला?"

"चान्सलरनी," भास्कर म्हणे.

"आणि हे लिबरल! लिबरल म्हणजे काय ते सांगतो. दार सताड उघडं टाकून जाणारा माणूस. घरात गारठा शिरतो, म्हातारी माणसं खोकत बसतात, आणि हा म्हणतो, हवा खेळती पाहिजे."

"गेनाऊ, हेर ब्रांडेस. अगदी बरोबर."

भास्कर नुसती री ओढत होता असं मात्र नाही. हे सगळं त्याने पुण्यात नारायण पेठेत लहानपणापासून ऐकलं होतं. तिथे लिबरलच्या जागी सुधारक म्हणायचे, एवढाच फरक. सुधारकांनी देश बुडवला, हे त्याच्या वडिलांचं जेवताना ठरलेलं भाषण. सात समुद्र ओलांडून आपल्या वडिलांचीच मतं एका गोऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात, याचं त्याला मनापासून बरं वाटे. परक्या देशात माणसाला घर कशात सापडेल, सांगता येत नाही.

श्रीनाथलाही पूर्वी बोलावत. एका रविवारी तो म्हणाला, "चान्सलरच्या कचेरीत हिटलरच्या वेळचेच साहेब कोट बदलून बसलेत, त्यांचं काय?" फ्राऊ ब्रांडेसच्या हातातली किटली तशीच राहिली. त्यानंतर श्रीनाथची कॉफी बंद झाली. भास्करने जिन्यात त्याला समजावलं, "अरे, दुसऱ्याच्या घरात राहून कशाला उलट बोलायचं?" श्रीनाथ हसला. "भाडं देतो रे मी. मतं त्यात धरलेली नाहीत."

भास्करला मात्र एक गोष्ट हवी होती, आणि ती त्या घरात होती. तो जर्मनीला निघाला तेव्हा त्याची मुलगी उल्का चार महिन्यांची होती. आता ती तिसऱ्या वर्षात होती आणि फोटोतल्या बापाला 'जर्मन' म्हणत होती. शुभा आणि उल्का सप्टेंबरात मुंबईहून बोटीने जिनोआला आणि तिथून रेल्वेने यायच्या होत्या. तिकिटं निघाली होती. पण लढाईत अर्धं गाव बेचिराख झालेलं, त्यात पूर्वेकडून आलेले निर्वासित. कुटुंबाला जागा मिळणं म्हणजे देव भेटणं. भास्करचा डोळा माळ्यावरच्या दोन खोल्यांवर होता. एक श्रीनाथची, एक बरण्यांची. दोन्ही मिळून छान बिऱ्हाड झालं असतं.

हे त्याने सरळ विचारायला हवं होतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची आमची जुनी खोड. तो म्हणे, "वर उजेड किती छान येतो, नाही?" किंवा, "माझी मुलगी फार शांत आहे." ब्रांडेस म्हणत, "हो, हो. निवडणूक होऊ द्या, मग बघू."

पुण्यातल्या घरमालकाच्या तोंडचं 'बघू' म्हणजे काय, हे भास्करला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण जर्मन माणूस आडपडद्याने बोलत नाही, असं त्याने ऐकलं होतं, आणि आपल्या सोयीचं ऐकलेलं माणूस पटकन खरं धरतो. शिवाय घरोबा होता. भास्कर त्यांचा कोळसा तळघरातून वर आणून द्यायचा, तळघराची किल्ली त्याच्याकडे असायची, फ्राऊ ब्रांडेसनी उल्कासाठी लोकरीचं टोपरं विणलं होतं. ज्या घरात इतके दिवस खाल्लं-प्यायलं, त्या घराने नाही म्हणायचं नसतं, असा आपल्याकडे अलिखित कायदा आहे. जर्मनीत कायदे लिहिलेले असतात, हे तो विसरला.

असाच एक लिहिलेला कायदा ऑगस्टात ब्रांडेसच्या डोक्यात शिरला. लग्न न झालेल्या जोडप्याला रात्री घरात थारा दिला, तर घरमालकावर खटला भरता येत असे. त्याला कुप्पेलाय म्हणत. श्रीनाथकडे हेल्गा नावाची मुलगी यायची. होखशूलच्या ग्रंथालयात कामाला होती. संध्याकाळी येऊन दहाच्या आत परत जायची. शेजारच्या बाईंनी ब्रांडेसना जिन्यावर मुलगी दिसते म्हणून सांगितलं. कधी, किती वेळ, ते त्या बाईंना ठाऊक नव्हतं.

रविवारी कॉफी ओतता ओतता ब्रांडेसनी विचारलं, "हेर आगाशे, तुम्ही मधल्या मजल्यावर. तुमच्या दारावरूनच जिना जातो. ती मुलगी कधी रात्रभर राहिली आहे का?"

"एकदा," भास्कर म्हणाला. "मार्चमध्ये."

यापुढे सांगण्यासारखं बरंच होतं. मार्चमध्ये श्रीनाथला इन्फ्लुएंझा झाला होता, तापाने तो बरळत होता, डॉक्टरने एकटं ठेवू नका म्हटलं होतं. हेल्गा रात्रभर त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली होती. आणि पहाटे भाताची मऊ पेज करून वर घेऊन गेला होता तो दुसरा तिसरा कुणी नाही, भास्करच. ते सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. पण तोंडात केकचा घास होता. त्याने तो चावला, गिळला, वर कॉफी प्यायला. एवढ्यात विषय बदलला.

खोटं तो बोलला नाही. आमच्या पेठेतल्या माणसाला खोटं बोलायची गरजच पडत नाही. खरं अर्ध्यावर सोडलं की काम भागतं.

महिनाअखेर श्रीनाथला जागा सोडावी लागली. भास्करने त्याची ट्रंक उचलून ट्रामपर्यंत नेली. "मार्चमधली रात्र म्हणाला थेरडा," श्रीनाथ सांगत होता. "ताप होता म्हणून सांगितलं तर ऐकायलाच तयार नाही. त्या शेजारणीनेच आग लावली, दुसरं कोण?"

"असेल," भास्कर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माळ्यावर जाऊन उभा राहिला. रिकाम्या खोलीच्या खिडकीतून सफरचंदाचं झाड दिसत होतं. पलंग कुठे, उल्काची खाट कुठे, याचा त्याने मनात संसार मांडला. मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी टोचत होतं, पण बायकोपोरीसाठी माणूस काय काय करतो, अशी स्वतःची समजूत काढत तो तारघरात गेला आणि शुभाला तार केली, की घर मिळालं, निघा.

निवडणूक झाली. चान्सलरच्या पक्षाला निम्म्याहून जास्त मतं पडली, आतापर्यंत असं झालंच नव्हतं म्हणे. सोमवारी दुपारी ब्रांडेसनी भास्करला खाली बोलावलं. भास्करने घरून आलेल्या बेसनाचे लाडू केले होते. तूप नव्हतं म्हणून लोण्यात भाजले, ते बसले जरा, पण आकार आला होता. ब्रांडेसनी सेक्टची बाटली फोडली. फेसाळलेल्या वाइनचा पेला भास्करने मुंज झाल्यापासून पहिल्यांदाच ओठाला लावला.

"प्रयोग नकोत!" ब्रांडेस पेला उंचावून म्हणाले.

भास्करनेही पेला उंचावला. मग घसा खाकरून तो म्हणाला, "हेर ब्रांडेस, ते वरच्या खोल्यांचं. माझी बायको आता बोटीवर बसली असेल."

"तेच सांगणार होतो." ब्रांडेस प्रसन्न दिसत होते. "आम्ही दोघांनी ठरवलं, आता भाडेकरू नकोत. लढाईनंतर गरज होती, म्हणून इतकी वर्षं जिन्यावर परक्यांचे पाय ऐकले. आता पेन्शन पुरून उरते. चान्सलरचे उपकार! वरच्या खोल्या रिकाम्याच राहतील. तुमची खोलीही महिनाअखेर सोडा, घाई नाही."

भास्करला आधी वाटलं, आपलं जर्मन कच्चं पडतंय.

"पण तुम्ही म्हणाला होतात, निवडणुकीनंतर बघू."

"बघितलं की. तसं तुमच्याविरुद्ध माझं काही नाही. या घरात तुमच्याइतका सभ्य माणूस राहिला नाही. पण बायको, मूल, ते तुमचं फोडणीचं जेवण, उद्या आणखी नातेवाईक. शेजारीपाजारी आहेत, त्यांचंही बघावं लागतं." ब्रांडेसनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एखाद्या लिबरलला हे समजावत बसावं लागलं असतं. तुमचं तसं नाही. तुम्ही आमच्या विचारांचे."

हे शब्द भास्करने आधी ऐकले होते. तो कॉलेजात असताना गायकवाड नावाचे एक शाळामास्तर त्यांच्याकडे मागच्या दोन खोल्या विचारायला आले होते. बायको बाळंतीण होती त्यांची. वडिलांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "तुम्ही सभ्य आहात मास्तर, तुमच्याविरुद्ध काही नाही. पण शेजारीपाजारी आहेत." मास्तर नमस्कार करून गेले. भास्कर दारात उभा होता. वडिलांनी किती नीट निभावलं, याचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. खोल्या पुढे कितीतरी दिवस रिकाम्याच होत्या.

फ्राऊ ब्रांडेसनी लाडू मोडून चाखला आणि छान झालाय म्हणाल्या.

पुढचे दिवस भास्कर दारोदार हिंडला. कुठे दार उघडून नुसताच चेहरा पाहून मिटलं, कुठे मूल म्हटल्यावर, कुठे खोली आत्ताच गेली म्हणून सांगितलं. कुणी अपमान केला असता तर भांडता आलं असतं. सगळे गोड बोलत होते. शेवटी होखशूलच्या मेन्झामध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाणावळीत, समोर बटाट्याचं सूप गार होत असताना श्रीनाथने त्याला गाठलं. हकिगत ऐकून तो म्हणाला, "मग माझी नवी खोली घे ना! बेकरीच्या मागे आहे, एकच आहे, पण मोठी आहे. बेकरीवाल्याला मी सांगतो. मी हेल्गाच्या भावाकडे पथारी टाकेन, डिसेंबरात आम्ही लग्नच करतोय."

भास्करने नको नको म्हटलं. ते कुणालाही खरं वाटलं नसतं.

संध्याकाळी तो खोली पाहायला गेला. हेल्गा तिथेच होती, श्रीनाथची पुस्तकं खोक्यात भरत होती. श्रीनाथ बेकरीवाल्याशी बोलायला खाली गेला. हेल्गाने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं.

"ब्रांडेस मार्च म्हणाले," ती म्हणाली. "शेजारणीला महिना माहीत नव्हता, मी तिला विचारून आले. ती रात्र आम्हा दोघांना माहीत होती. आणि पेज आणणाऱ्याला."

 आता भास्करच्या तोंडात घास नव्हता.

"श्रीनाथला मी सांगितलेलं नाही," हेल्गा म्हणाली. "सांगणारही नाही. या गावात त्याच्या भाषेचं माणूस तुम्ही एकच आहात."

तिने एक सणसणीत ठेवून दिली असती तर भास्करला बरं वाटलं असतं. मुकाट्याने जिना उतरून निघून जावं, इतकी त्याला लाज वाटली. पण बोट एव्हाना सुएझच्या अलीकडे कुठेतरी असणार होती, आणि लाज वाटून निघून जायला माणसाचे पाय मोकळे असावे लागतात. तो जागचा हलला नाही.

हेल्गा शेगडीपाशी गेली. "ही झडप झोपताना पूर्ण बंद करू नका. धूर कोंडतो. मुलीला सोसणार नाही." कुठे किती उघडी ठेवायची, ते तिने दोनदा करून दाखवलं.

तेवढ्यात श्रीनाथ धडधडत वर आला. "झालं काम! बेकरीवाला हो म्हणाला." त्याने खिशातून किल्ली काढून भास्करच्या हातात कोंबली. भास्करचा चेहरा पाहून त्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अरे, संकोच कसला करतोस? मार्चमध्ये मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा पहाटे उठून पेज कुणी करून आणली? सख्खा भाऊ करणार नाही रे. वहिनींना मी पहिली गोष्ट तीच सांगणार आहे."

हेल्गा खाली वाकून खोक्याला दोरी बांधत होती. भास्करने किल्ली खिशात टाकली.