गच्चीवरची तीन कुलपे

मी एक जुनी पाण्याची टाकी आहे. पत्र्याची, चौकोनी, अंगावर शेंदरी रंगाचे तीन-चार थर आणि त्याखालून डोकावणारा गंज. माझा मुक्काम गच्चीवर. मित्रांनो, उंचावर राहणाऱ्याला खालच्यांचे हिशेब ठेवायची खोड लागते. मलाही लागली आहे. राग मानू नका.

कारागिराने मला घडवले तेव्हा खाली एकच मजला होता. घरात नवरा-बायको आणि तीन मुलगे. एवढी मोठी टाकी कशाला, असे त्याने विचारले, तर घरमालक म्हणाले, पोरे काय पोरेच राहणार आहेत का? या मालकांना सगळे बाबा म्हणतात. पुढचा विचार त्यांनी केला तो तेवढाच. त्यानंतर त्यांनी फक्त मजले चढवले.

तेव्हा समोर मोठे तळे दिसायचे. त्यातले पाणी नळाने यायचे, मोटार ते वर चढवायची आणि मी खाली सोडायची. दुपारी पाणी माझ्यात स्वस्थ झोपायचे. आमच्या टाकीने कधी दगा दिला नाही, असे आई, म्हणजे बाबांच्या पत्नी, शेजारणीला सांगायच्या. मी आतून काठोकाठ व्हायची.

थोरल्याचे लग्न झाले, एक मजला चढला. मजुरांनी मला दोरखंडाने बांधून वर ओढले. मधल्याचे झाले, पुन्हा दोरखंड. दोघांकडे मुले झाली, मुलांबरोबर शिकवणीला येणारी मुले, मुक्कामाला आलेले आणि मुक्कामच विसरलेले मेहुणे. धाकट्याच्या वेळी तिसऱ्यांदा दोरखंड. दर खेपेला मला लांबचे दिसू लागले आणि दर खेपेला तळे लहान दिसू लागले. आधी वाटले, उंचीमुळे असेल. पण त्याच्या काठावर घरे उभी राहिली होती. त्या घरांची खडी पलीकडच्या टेकडीतून यायची. टेकडी अर्धी उरली.

संध्याकाळी तिघे भाऊ गच्चीवर यायचे आणि म्हणायचे, माणसे फार झाली बुवा. समोरच्या गच्चीवरचे लोक आमच्याकडे बोट दाखवून हेच म्हणायचे. मी बेरीज करून पाहिली. गर्दी मोजताना प्रत्येकजण स्वतःला आणि आपल्या माणसांना वगळायचा. त्या हिशेबाने या गावात कोणीच राहत नव्हते. पाणी मात्र संपत होते.

नळ एक दिवसाआड येऊ लागला. मग मधल्याने एक काळी प्लॅस्टिकची टाकी आणली आणि माझ्याकडे येणाऱ्या नळीला मध्येच फाटा मारून तिकडे वळवला. उद्या पाणी आलेच नाही तर, एवढेच त्याचे म्हणणे. थोरल्याने पाहिले आणि त्याच्याही अलीकडे फाटा मारला. धाकट्याने तर सगळ्यांच्या अलीकडे. तीन काळ्या टाक्या, तिन्हींच्या झाकणांना कुलूप. त्या भरल्यावर उरेल ते माझे. तळमजल्याचा नळ मात्र अजून माझ्यावरच चालायचा. आई त्याखाली भांडे ठेवून बसायच्या. मला तळमळ लागली. उन्हात पत्रा कडकड वाजायचा आणि पोटात वारा फिरायचा.

अशातच धाकटी सून बाळंत होऊन घरी आली. जिने नकोत म्हणून तिची खाट खाली, बाबांच्या खोलीत. मुलगी झाली होती. सगळे खुशीत. आणि नळाला थेंब नाही.

बाबा नळावर चिडले, सरकारवर चिडले, मग नेहमीप्रमाणे वाढलेल्या माणसांवर चिडले. लगेच, त्याच दमात, नातीला आता एक भाऊ हवा, असेही म्हणाले. धाकटा गुपचूप बादली आणि किल्ली घेऊन वर आला. मागोमाग, एकेका पायरीवर थांबत, त्याची बायको. खांद्यावर बाळ.

"बाळापुरती एक बादली नेतो. तू कशाला आलीस?" तो म्हणाला.

"आणि आई-बाबांना?"

तो कुलपाशी वाकला. तिने त्याच्या टाकीवर टिचकी मारली. आवाज दबका. भरलेली. थोरल्यांची, दबका. मधल्यांची, दबका. मग माझ्याजवळ आली. टिचकी मारली आणि मी अशी घुमले की बाळ दचकून रडू लागले. रडणे ऐकून सगळे घर वर आले.

"काय गं, टाक्यांची तब्येत तपासतेस होय?" मधल्याने थट्टा केली.

ती हसली नाही. बाबांकडे वळून म्हणाली, "बाबा, माणसं फार झालीत म्हणता ना? मग या गच्चीवर जास्तीचं कोण आहे, सांगा. सगळ्यात शेवटी ही आलीय. हिला धरायचं का?"

बाबांनी बाळाकडे पाहिले आणि मान खाली घातली. बाळाला थोपटत ती पुढे म्हणाली,

"आमची ही एकच. दुसऱ्या मुलाचं नाव कुणी काढायचं नाही. पण जी आलीत, ती सगळी आपलीच. कुलपं काढा."

थोरला म्हणाला, किल्ली खाली राहिली. ती त्याच्या हातातल्या जुडग्यात वाजत होती. त्याला स्वतःलाच ऐकू आली, तेव्हा त्याने काढली.

दुसऱ्या दिवशी नळवाल्याने फाटे काढून टाकले आणि तिन्ही टाक्या मला जोडल्या. आता सगळे मजले एकाच पाण्यावर आहेत. माझ्यात कमी झाले की सगळ्यांचे कमी होते, म्हणून कोणी नळ सोडून गप्पा मारत नाही.

मित्रांनो, याने तळे भरले नाही. काठावर नव्या घरांचे खांब रोज उठतात आणि प्रत्येक घराला एक गच्ची असते. मला स्वस्थ झोप नाही. माणसे वाढली हे खरेच, पण मोजायला बसाल तेव्हा सुरुवात स्वतःपासून करा. आणि तुमच्याही गच्चीवर कुणी माझ्यासारखी असेल, तिची अधूनमधून चौकशी करा.

ती मुलगी आता चालते. रोज सकाळी आईचे बोट धरून वर येते आणि इवल्या बोटाने मला टिचकी मारून कान लावते. काल आवाज दबका आला, तर टाळ्या पिटत खाली गेली.

आज मी घुमले. ती अजून कान लावून उभी आहे.