घरचं माणूस

बालवाडीने बिट्टीला घेतलं ते उपकार केल्यासारखं, आणि वर अट घालून: "घरचं कुणीतरी वर्गात बसायला हवं." बिट्टी साडेचार वर्षांची. पायांना आधाराचे पट्टे, जिभेला शब्द जुळवायला जरा वेळ लागे. अक्कल मात्र घरातल्या तिघांना पुरून उरेल एवढी. आईबाप कामावर. शिवणयंत्र चालवणारी आत्या तेवढी रिकामी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

तीन महिने आत्या वीतभर खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसली. बसल्या बसल्या काहीबाही मोजायची तिला खोड. वर्गाच्या बाईंनी बिट्टीला विचारलेले प्रश्न: शून्य. बिट्टीबद्दल आत्याला विचारलेले: रोजचे नऊ-दहा. "हिला पाणी हवंय का हो?" बिट्टीचं तोंड उघडेपर्यंत बाई पुढच्या मुलापाशी. आत्याने एकदाच सुट्टी मागितली, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "मग मुलीलाही आणू नका."

एके दिवशी तपासणीचे साहेब आले. मोठ्या बाईंच्या तोंडातून नुसता मध गळत होता. "सगळ्यांना सामावून घेणारा वर्ग, साहेब! या मुलीसाठी तर पूर्णवेळ मदतनीस ठेवलीय."

साहेबांनी तक्त्यात लिहिलं: मदतनीस, एक.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाची मदतनीस? मी हिची आत्या! यांनी मला ठेवलेलं नाही, अडकवलंय."

"अहो, नंतर बोलू," मोठ्या बाई दात न उघडता म्हणाल्या.

"नंतर कशाला? साहेबांचं पेन उघडं आहे तोवर बोलते. खोडा ते, साहेब. बाकीच्या पंचवीस पोरांच्या आत्या कुठे बसल्यात?"

साहेबांनी खाली मान घालून खोडलं. आत्या उठली. "बिट्टे, एक वाजता न्यायला येते."

मोठ्या बाई दारापर्यंत धावल्या. "अहो, तिला शू लागली तर?"

"बाकीच्यांना लागते तेव्हा काय करता?"

एक वाजता आत्या आली तेव्हा साहेब गेलेले होते आणि बिट्टीचा फ्रॉक ओला होता. "म्हणून सांगत होते," मोठ्या बाई म्हणाल्या. "ही सांगतच नाही."

आत्याने हात आडवा धरून त्यांना गप्प केलं. बिट्टीने आपल्या चालीने एकेक शब्द बाहेर काढला. "दोनदा. सांगितलं."

वर्गाच्या बाई जमिनीकडे बघू लागल्या.

"इतरांचे कपडे कोण बदलतं?" आत्याने विचारलं.

"मावशी. पण आता तुम्ही आलाच आहात तर—"

"मी न्यायला आलेय. शाळा अजून तुमची आहे. बोलवा मावशींना."

"हे असलं चालणार नाही हं! उद्यापासून आणूच नका तिला."

"बरं. लिहून द्या." आत्याने टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "कारणही लिहा. मुलीने दोनदा सांगितलं, आम्ही एकदाही ऐकलं नाही. खाली सही, शिक्का. साहेबांना मीच नेऊन देते."

मोठ्या बाईंनी कागदाकडे पाहिलं, ओल्या फ्रॉककडे पाहिलं. आत्या जागची तसूभर हलली नाही.

"मावशीऽ," शेवटी मोठ्या बाईंनी हाक मारली, "इकडे या जरा."