श्रीपुढचा आकडा

वृंदानं वहीत ‘दूध’ लिहिलं, पुढं अठराशेचा आकडा मांडला, आणि किराण्याच्या खोलीपलीकडं अठरा फूट लांबीची एक खोली आली. भिंती पांढऱ्या, फरशी गार, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर पातेलं आधीच चढवलेलं. दूध वर येत होतं. वृंदा पेन खाली टाकून पळाली आणि तिनं आधी आच बारीक केली. खोलीचं नवल करायला नंतरही वेळ मिळाला असता. दूध काही थांबलं नसतं.

कुरुंदवाडहून बुटीबोरीला येऊन त्यांना तीनच दिवस झाले होते. अवधूतला इथल्या सुताच्या कारखान्यात नोकरी लागली, तशी दोघं दोन ट्रंका, एक गादी आणि चौदा महिन्यांची ओवी घेऊन गाडीत बसली. घरमालकीण गोहोकरकाकूंनी किल्ली हातात देतानाच सांगून टाकलं होतं.

“घर आम्ही रिकामंच देतो. उंबरठा आमचा, बाकी तुमची वही. शंभराला एक फूट. पगाराच्या बाहेर जाऊ नका बाप्पा, पुढं नाला आहे. अन् महिनाअखेरीला मी वही पाहीन. कोरं खातं माझ्या घरात चालत नाही.”

पगार एकतीस हजार. म्हणजे तीनशे दहा फूट. अवधूतनं टेप लावून पाहिला. तीनशे अकराव्या फुटाला खरोखरच नाला होता.

“असतील इकडच्या पद्धती,” तो म्हणाला.

वृंदानं नवी वही उघडली. पहिल्या पानावर वर मधोमध ‘श्री’ काढला, त्याला हळदीचं बोट लावलं, आणि मग संसाराला हात घातला. भाडं पंच्याऐंशीशे, किराणा सहा हजार, दूध अठराशे, भाजी दोन हजार, गॅस हजार, वीज अडीच हजार, पेट्रोल तीन हजार, औषधपाणी पंधराशे. राहिले ते सत्तेचाळीसशे तिनं ‘किरकोळ’ म्हणून लिहिले आणि खाली रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत घर उभं राहिलं, जशी वही तसं; वर लिहिलेलं आधी, खाली लिहिलेलं मागं.

भाड्याची खोली सगळ्यांत मोठी निघाली, पण तिचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. पंच्याऐंशी फुटांच्या त्या दालनात गोहोकरकाकू एकट्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून फुटाणे खात असत. वृंदानं एकदा तिथं ओवीचे लंगोट वाळत घालू का म्हणून विचारलं.

“ही खोली माझी आहे न,” काकू म्हणाल्या. “तुम्ही फक्त ती भरता.” आणि त्यांनी ओवीच्या मुठीत चार फुटाणे दिले.

विजेच्या खोलीत कूलर होता, म्हणून सगळे तिथं झोपत. औषधपाण्याच्या खोलीत कुणी जात नसे, पण तिथून ओव्याचा वास येई आणि बरं वाटे. पेट्रोलची खोली म्हणजे तीस फुटांचा डांबरी रस्ता होता. अवधूत सकाळी डबा घेऊन एका टोकाला गाडीवर बसे आणि दुसऱ्या टोकाला कारखान्याच्या फाटकात उतरे. ‘किरकोळ’च्या खोलीचा मात्र भरवसा नव्हता. आज दार उघडलं तर आत तुटलेल्या चपलेचा अंगठा, उद्या कुणाच्या तरी मुंजीचा आहेर, परवा एक पाहुणे चहा पीत बसलेले. ते कोण हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण बिस्किटं नेऊन द्यावी लागली.

दोघं खुशीत होती. जेवण झालं की घरभर फेरी मारून यायची. “चल, जरा भाजीतून जाऊन येऊ,” अवधूत म्हणायचा.

एकच गोष्ट राहिली होती. आक्का.

आक्का म्हणजे अवधूतची आई. तीस वर्षं देवळात कीर्तनाला पुढच्या रांगेत बसून टाळ धरणारी. कीर्तनकार कुठलेही येवोत, उभे राहिले की आधी बायकांच्या बाजूला पाहून घेत, आक्का आहेत ना! तिचा ठेका सुटला असं कुणी ऐकलं नव्हतं. “आधी तुमचं बस्तान बसू दे, मग मी येते,” असं सांगून ती मागं राहिली होती. आता कुरुंदवाडच्या दोन खोल्या एकतीस तारखेला सोडायच्या होत्या. एकतीसला गुरुवार येत होता.

त्याआधीच्या शुक्रवारी वृंदानं ‘किरकोळ’च्या खाली ‘आक्का – बाराशे’ असं लिहिलं. बारा फुटांची छान खोली आली, पूर्वेला खिडकी, कोनाडा, आणि सगळीच्या सगळी नाल्यावर अधांतरी.

“दुसरीकडून काढू,” अवधूत म्हणाला. “किरकोळ कमी कर.”

वृंदानं सत्तेचाळीसशे खोडून पस्तीसशे केले. चहाचं आधण उकळेस्तोवर आकडा पुन्हा सत्तेचाळीसशे झाला. तिनं परत खोडला. परत झाला. आतून पाहुण्यांनी विचारलं, “वहिनी, बिस्किटं संपली का?”

मग त्यांनी दुधातून चार फूट काढले, भाजीतून तीन, पेट्रोलमधून तीन, औषधपाण्यातून दोन. रबर कागदावर फिरलं की भिंत कण्हत आत सरकायची. भाजीच्या खोलीत दुधीभोपळा आडवा मावेना, तो उभा करून ठेवावा लागला. कारखान्याचा रस्ता फाटकाच्या तीन फूट अलीकडंच संपू लागला. अवधूत गाडी थांबवायचा, डबा छातीशी धरायचा आणि उडी मारायचा. पहारेकरी रोज टाळी वाजवायचा.

ओवीचं मात्र बिनसलं. तिचं चालायचं वय झालं होतं. ती भिंत धरून उभी राही, एक पाय उचले, तेवढ्यात वृंदा कुठलातरी आकडा सुधारी, भिंत हातातून निसटे आणि ओवी बदकन बसे. दोन दिवसांत तिचा भिंतींवरचा विश्वासच उडाला. ती मधोमध बसून राहायची आणि कुणी हात पुढं केला तर आधी त्या हाताकडं नीट बघून घ्यायची.

“चालेल गं,” अवधूत म्हणायचा.

“भिंत तरी जागेवर राहू द्या तिची,” वृंदा म्हणायची.

मंगळवारी सकाळी आक्काचा फोन आला.

“झाली का माझी सोय?”

“झाली आक्का. बारा फुटांची. खिडकी आहे. उगवतीचं ऊन येतं.”

“कुठून काढलीस?”

वृंदानं दुधाच्या खोलीकडं पाहिलं.

“दुधातून काढलीस ना?”

“थोडीशीच, आक्का.”

“म्हणजे मी नातीच्या दुधात पथारी पसरू?” आक्काचा आवाज चढला नाही, हीच तिची रीत होती. “पुसून टाक ते. माणसाचं नाव खर्चात लिहायचं नसतं गं पोरी. मी इचलकरंजीला भावाकडं जाते. त्याची गच्ची रिकामी आहे.”

“तिथं कीर्तन नाही, आक्का.”

“नसू दे. टाळ ट्रंकेत ठेवीन.”

फोन ठेवून वृंदानं रबर हातात घेतलं. आक्कानं टाळ ट्रंकेत ठेवायचा म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या एकादशीला आक्कानं तिला शेजारी बसवून घेतलं होतं, आणि सासूशी काय बोलायचं ते सुचत नसताना दोघी तासभर एकाच ठेक्यात डोलल्या होत्या. त्यानंतर बोलायला कधी अडलं नाही. तिनं ‘आक्का’ हे नाव पुसलं. खोली गेली. खिडकी तेवढी नाल्यावर राहिली, चौकटीसकट, आणि तिच्यातून ऊन येत राहिलं. कमी केलेले फूट तिनं ज्याचे त्याला परत लिहिले. भिंती मागं सरल्या. घर मोठं झालं आणि तिला ते कुठूनही आवडेना.

बुधवारी दुपारी ती ओवीला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा कुणीतरी गात असल्याचं तिला ऐकू आलं. आवाज पुरुषाचा, पल्लेदार, आणि एकच पालुपद पुन्हा पुन्हा. पेटी होती, तबला होता. टाळ नव्हता. ती खोल्याखोल्यांतून फिरली. दुधात आवाज मंद होता. किराण्यात वाढला. भाड्याच्या खोलीत काकू फुटाणे खायचं थांबवून मान डोलवत होत्या.

“काकू, हे कुठून येतंय?”

“तुमच्याच घरातून येऊन राहिलं,” काकू म्हणाल्या. “वही पाहा न.”

वृंदानं वही पाहिली. वर लिहिलेलं आधी, खाली लिहिलेलं मागं. भाड्याच्याही वर, मधोमध, हळदीचं बोट लावलेला ‘श्री’ होता. त्याच्यापुढं आकडा नव्हता. कोण लिहितं श्रीपुढं आकडा? तिच्या वडिलांनी लिहिला नव्हता, आजोबांनी लिहिला नव्हता.

ती उंबरठ्याशी गेली. उजव्या हाताला, जिथं ती सगळी आल्यापासून चपला काढत होती, तिथं एक दार होतं. चपलांचा ढीग दारापुढं झाला होता, म्हणून लक्षातच आलं नव्हतं.

“अगं बाई! देवाच्या दारात चपला काढत होतो आम्ही.”

“मग कुठं काढतात?” काकू म्हणाल्या.

वृंदानं दार ढकललं. आत सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर माणसं बसली होती, लांबवर, दृष्टी पोचेस्तोवर. उदबत्तीचा वास होता, बुक्क्याचा वास होता. मधोमध कीर्तनकार बुवा उभे, डोईला पागोटं, खांद्यावर उपरणं. त्यांच्या गळ्यात हार घालून झाला होता, म्हणजे पूर्वरंग संपला होता. आता आख्यान लागायचं. पण बुवा तेच पालुपद घोळवीत उभे होते आणि बायकांच्या बाजूला पाहत होते. तिथं पुढच्या रांगेत एका माणसाची जागा मोकळी होती. जागेवर टाळ ठेवलेला.

अवधूत कारखान्यातून आला तो टेप घेऊन आत शिरला. पन्नास फुटांचा टेप संपला. टेप तिथं ठेवून त्यानं पुढं पन्नास पावलं मोजली. मग तो परत आला आणि म्हणाला, “तिकडं शेवटच्या रांगेत विचारलं. ते म्हणाले, शेवटची रांग अजून पुढं आहे.”

वृंदानं फोन लावला.

“आक्का, ऐका,” म्हणून फोन दाराकडं धरला.

आक्कानं ऐकलं. “टाळ कोण धरतंय?”

“कुणी नाही. बुवा थांबलेत.”

“कुठल्या खोलीत?”

“श्रीच्या.”

“किती फुटांची आहे?”

“आकडाच नाही, आक्का.”

पलीकडं ट्रंकेची कडी वाजली. “निघते,” आक्का म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी अवधूत स्टेशनवरून तिला घेऊन आला. आक्कानं उंबरठ्याशी चपला काढल्या, पाय धुतले, ओवीचा पापा घेतला, काकूंना कुरुंदवाडच्या पेढ्यांचा पुडा दिला आणि सरळ आत जाऊन आपल्या जागेवर बसली. बुवांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं टाळ उचलला. पहिला ठोका पडला आणि खोलीभर असा गजर झाला, की किरकोळमधले पाहुणे कप घेऊन पळत आले आणि पुरुषांच्या बाजूला मांडी घालून बसले.

गोहोकरकाकूंनी खुर्ची उचलून दाराशी आणली. मांडीवर वही घेतली, पेनाचं टोपण काढलं.

“आज एकतीस तारीख,” त्या म्हणाल्या. “कोरं खातं चालत नाही, मी आधीच सांगितलं होतं. दहा रुपये लिहू का?”

“दहा नको काकू,” वृंदा कळवळली. “दहा रुपयांत आक्काचा पदरही मावायचा नाही.”

“मग हजार लिहू?”

“हजार लिहाल तर मागचं घर दहा फूट नाल्यात जाईल.”

“मी काय करू बाप्पा? आकडा त् पाहिजे!”

आक्काचा ठेका मोडला नाही. ती तिथूनच म्हणाली, “लिहा की. पण जरा दम धरा. ते बघा.”

ओवी उठली होती. सतरंजीच्या मधोमध, कशालाही न धरता. जवळपास धरायला भिंतच नव्हती आणि तिला बहुधा तेच बरं वाटलं. तिनं दोन्ही हात वर केले, टाळाकडं पाहिलं, आणि एक पाऊल टाकलं. मग दुसरं. बायकांनी पाय आखडून वाट दिली.

“चालली!” अवधूत ओरडला. “अगं वृंदा, चालली!”

वृंदाला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

“पोर थांबलं की लिहा,” आक्का काकूंना म्हणाली. “जिथं बसेल, तिथवरचे फूट तुमचे.”

“हे पटलं,” काकू म्हणाल्या, आणि पेनाचं टोक श्रीच्या पुढं कागदाला लावून त्या बघत राहिल्या.

बुवांनी आख्यान लावलं. ओवी पहिल्या रांगेतून गेली, दहाव्या रांगेतून गेली. अवधूत टेप सोडत मागं चालला होता. टेप संपला तसा त्यानं तो टाकून दिला आणि तो नुसताच टाळ्या वाजवीत उभा राहिला. ओवीचं हसणं अगदी जवळ ऐकू येत होतं. ती मात्र आता वहीवरच्या हळदीच्या बोटाएवढी दिसत होती, पिवळी, सतरंज्यांच्या पार पुढं, हात वर केलेली. काकूंच्या पेनाखाली शाईचा ठिपका मोठा होत चालला होता, आणि ओवी चालत होती.