ज्वाळांवर तांब्याभर पाणी

वैशाख पेटला होता. चिंचखेडच्या तप्त, तृणशून्य माळावर ऊन सांडत होते. पिवळे ऊन, पांढरे ऊन, मग रंगच उरला नाही असे निर्दय ऊन. बाजारतळावर एक लिंब तेवढा हिरवा होता, आणि त्याच्या फांदीला शांतवन या ख्रिस्ती सुवार्तिकाने अग्नीचे चित्र टांगले होते.

धोतराएवढे लांब कापड. वर मेघारूढ न्यायाधीश. उजवीकडे शुभ्रवसन, शांतमुख, तारलेले जन. डावीकडे रक्तज्वाळा, धूम्रज्वाळा, आणि त्यांत होरपळणारे हरवलेले जन. "पापी कसे काढू?" असे रंगाऱ्याने विचारले, तेव्हा शांतवन म्हणाला होता, "आपल्याच गावची माणसं काढ. ओळख पटली की भीती वाटते." रंगाऱ्याने तसेच केले. ज्वाळांत कुंकू काढले, हिरवा चुडा काढला, खांद्यावरची घोंगडी काढली.

शांतवन ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर बरे झाले असते. ढोंगी माणूस कधीतरी दमतो तरी. याला खरोखर वाटे, तो न्यायाचा दिवस उद्याच उजाडणार, आणि हे गूळ विकणारे, बैल पारखणारे, मिरच्या निवडणारे सारे त्या अग्नीत पडणार. घर पेटल्यावर कोणी हळू बोलतो का? म्हणून तो ओरडे. माया अपार होती, पण त्या मायेला घाईने ग्रासले होते.

सगळ्यांत मोठी घाई आईची. गिरजा पिकले पान झाली होती, आणि अजून बाप्तिस्म्यावाचून होती. लेकाने विनवले, उपास केले, पाय धरून रडला. अखेर येत्या रविवारी बाप्तिस्मा घ्यायला ती कबूल झाली. त्याचा धर्म तिला कळला नव्हता. त्याचे रडणे कळले होते.

दर बाजारी ती त्याच्या कोरड्या घशासाठी पाण्याचा तांब्या आणी, आणि कापडाच्या मागे, सावलीत बसे. कापडाची पाठ कोरी होती. आज शांतवनानेच मोठ्या हौसेने तिला पुढे बसवले.

गिरजाने वर पाहिले, आणि ती उठली. मेघ तिला दिसले नाहीत, सिंहासन दिसले नाही. तिचे बोट ज्वाळाज्वाळांतून सरकत गेले आणि एका माणसापाशी थांबले. खांद्यावर घोंगडी, कानात बाळी, हातात मेंढरांमागची काठी.

"शिदू," ती म्हणाली. बाप्तिस्म्याआधीचे शांतवनाचे हे नाव आता फक्त तिच्याच तोंडी होते. "ह्यो तुझा बा हाय का रं?"

शांतवनाचा बाप मल्हारी तर केव्हाच गेला होता, ही सुवार्ता गावात पोचण्याच्याही आधी. 'नुसते चित्र आहे' असे शांतवनाला म्हणता आले असते. पण खोटे बोलणे पाप, आणि न्याय दाराशी आलेला. त्याचे डोळे भरले. त्याने होकाराची मान हलवली.

"म्हणून तर तुला वाचवतोय, आई."

"त्याला ऊनबी सोसत न्हवतं, रं."

आणि लेकाच्या घशासाठी आणलेले पाणी तिने घोंगडीवाल्यावर ओतले.

ज्वाळा विरघळल्या. लाल ओघळ, केशरी ओघळ, काळा ओघळ. ठिबकत, झिरपत ते मातीत गेले.

"आई, रंग जाईल!" शांतवन ओरडला.

आत्म्यांसाठी जन्मभर ओरडलेल्या कंठातून त्या क्षणी एवढेच निघाले. गिरजाने ते ऐकले. रिकामा तांब्या पदराखाली घेऊन ती घरी गेली. रविवारी आली नाही. आषाढात वारली, तशीच.

शांतवनाने डावी बाजू पुन्हा रंगवून घेतली, या खेपेस पक्क्या तेलरंगांत. रंगारी त्या दिवशी बाजारात होता. कोणी न सांगता त्याने घोंगडीवाल्याच्या शेजारी एक म्हातारी काढली. शांतवन तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. पूस, असे म्हणायला त्याचे ओठ हललेही. पण खोटे बोलणे पाप.

पुन्हा वैशाख पेटला आहे. पिवळे ऊन, पांढरे ऊन, निर्दय ऊन. लिंबाखाली शांतवन ओरडतो आहे: दिवस जवळ आला, दिवस जवळ आला! घसा सुकला आहे, जीभ टाळूला चिकटली आहे. आणि त्याच्या पाठीमागे, आगीत उभी राहून, म्हातारी भरला तांब्या पुढे करते आहे.