दहा पायांचा मामा

स्वरूप नावाचा तो दिग्दर्शक घरापुढच्या शेणाने सारवलेल्या खळ्यात बूट घालून फिरायचा, ते गोदाने पोटात घातलं. घराच्या चिऱ्यांना त्याने जांभळा रंग फासलान, तेही घातलं. चहाचा कप हातात दिला की "आजी, यात साखर आहे का?" असं विचारायचा, जसं काही रत्नागिरी जिल्ह्यात साखर कालच उतरली. तेसुद्धा तिने सोडून दिलं. पण या माणसाने तिच्या गाण्याचं शेपूट कापलंन, तेव्हा मात्र तिचं डोकं सणकलं.

गाणं तिचं स्वतःचं. गोदा शाळेत गेली दुसरीपर्यंत, त्यातली अर्धी दुसरी गुरांमागे गेली. पण नात शमिका लहान असताना जेवायला रडायची, तेव्हा घासागणिक एक ओळ जुळवत गोदाने ते बांधलं होतं:

बांधावरच्या मामाला पाय दहा,
म्हातारीच्या चुलीशी पितो चहा.
भाकरी चोरतो, पापड चोरतो,
वाकडा वाकडा पळून जातो.
म्हातारी आली, टोपली टाकली,
मामाची आमटी रटरटली!

'रटरटली'ला शेवटचा घास. असा पाच-सहा वर्षांत तो मामा निदान हजार वेळा शिजला असेल.

स्वरूपचा सिनेमा पोरांचा, गाण्यांचा. बडबडगीतांतली सगळी मंडळी एका गावात राहतात, एवढीच गोष्ट. त्यात पोट सुटलेला फणसराव होता, ढगांना ठिगळं लावणारी मुंगीताई होती, आणि पाळण्यात झोपायला मागणारा भोपळा होता. जागा शोधत तो पालीजवळच्या या गावात आला, तेव्हा शमिका पायरीवर बसून मामाचं गाणं म्हणत होती. तो तिथेच उकिडवा बसला. "हेच गाणं आणि हीच म्हातारी!" म्हणाला. सात वर्षांच्या शमिकाला नऊवारी नेसवली, डोक्यावर पांढरे केस चिकटवले. मुंबईत तिच्या बापाने कामावरच्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलंन, की माझी पोर सिनेमात आहे, आणि मधे उभी आहे.

मग शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी गोदाला कळलं, की शेवट बदललाय. नवा शेवट असा:

म्हातारी आली, मिठी मारली,
मामाशी कायमची मैत्री झाली!

"मिठी?" गोदा म्हणाली. "खेकड्याला?"

"आजी, लहान मुलांचा सिनेमा आहे. मुलांच्या मनावर परिणाम होतो."

"शमिकाच्या मनावर काय झाला परिणाम? भूक लागते तिला, दुसरं काय!"

"पैसे घालणाऱ्यांना हिंसा नकोय, आजी."

"हिंसा? मेल्या, आमटी ती!"

तो हसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेला. खांद्यावर हात ठेवणारी माणसं गोदाला मुळीच आवडत नसत.

स्वरूपला पोरांचा आवाज जागेवरच टिपायचा होता, नंतर चिकटवलेला नको. त्यामुळे सकाळभर खळ्यात एकच गोंधळ चालला. मागे मुंग्या झालेली बारा पोरं, पुढे शमिका. ती चार ओळी झकास म्हणायची, आणि पाचवीला तिची जीभ आपली जुन्या वाटेने टोपली टाकून मोकळी व्हायची. तीनदा झालं. चौथ्यांदा तर तिने मुद्दाम 'रटरटली' ओढून म्हटलंन.

स्वरूपने डोक्याला हात लावला. "शमिका, जेवणानंतर शेवटचा टेक. जमलं तर ठीक. नाहीतर ज्ञानेश्वरी म्हातारी होईल आणि तू मुंग्यांत उभी राहशील." ज्ञानेश्वरी म्हणजे पुण्याहून आणलेली पोर. तिला दोन्ही शेवट पाठ होते आणि कुठल्याचं काही वाटत नव्हतं.

शमिका पडवीत येऊन रडायला लागली. पांढरे केस एका कानावर लोंबले. गोदाने ते सरळ केले. पोरीच्या बापाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. मोठ्या कष्टाने तिने आपला ताठा गिळला.

"म्हण गो बाय, तो म्हणतो तसं. दोन ओळींचा प्रश्न."

"पण आजी, ते खोटं आहे. मामाला मिठी मारली तर तो बोट तोडेल."

"सिनेमा आहे तो. सिनेमात बोटं तुटत नाहीत."

"तू म्हणशील का?"

गोदाने पदराने पोरीचं नाक पुसलं.

तेवढ्यात मृणाली आली. ही स्वरूपची मदतनीस. तिचा एक कान कायम फोनला. "आजी, आज स्वरूपदादा तुमच्याकडेच जेवतील हं, बाहेरच्या जेवणाने त्यांचं पोट बिघडलंय," असं सांगत तिने एक बादली मागच्या दारी सावलीत ठेवलीन आणि फोनवर बोलत बोलत गेली.

गोदाने बादलीत डोकावून बघितलं. आत ओल्या फडक्यात खाडीचा खेकडा, चांगला पाऊण किलोचा, नांग्या सुतळीने घट्ट बांधलेल्या. गाठ बघूनच तिने ओळखलं, पालीच्या बाजारात बसणाऱ्या रझियाकडचा माल. 'पोरीला वळण आहे,' तिच्या मनात आलं. 'साहेबाला जेवायला पाठवताना हात हलवत नाही आली.'

मग काय! बारके पाय वाटून रस गाळला. खोबरं, कांदा काळपट भाजून वाटप केलं. वर चार कोकमं टाकली. वास खळ्यात गेला तसे उजेडवाले, रंगवाले, खुद्द फणसरावसुद्धा पोटाचा पोशाख सांभाळत स्वयंपाकघराकडे वळून बघायला लागले.

स्वरूप खळ्यातल्या मांडवात पाटावर बसला. आसपास पोरं डबे उघडून बसलेली. पहिल्या भुरक्याला त्याने डोळे मिटले. दुसऱ्या भाताला अस्तन्या वर केल्या. तिसऱ्या भाताला तो मोठी नांगी दाताखाली धरून म्हणाला, "आजी, असलं मी जन्मात खाल्लं नाही."

"दिसतंय ते," गोदा म्हणाली.

एवढ्यात मागच्या दारातून मृणाली बादली घेऊन धावत आली. "आजी! ही रिकामी कशी?"

"रिकामी नव्हे, धुऊन ठेवलेय."

"यात मामा होता!"

"कोण मामा?"

"आपला मामा! मिठीचा क्लोजअप होता दुपारी! सकाळपासून त्याला ओल्या फडक्यात जपत होते मी!"

स्वरूपच्या तोंडातली नांगी तोंडातच राहिली. त्याने ताटात बघितलं. बघण्यासारखं फार काही उरलं नव्हतं.

"आजी," तो म्हणाला, "तो आपला हिरो होता."

"हिरो होता तर सुतळीने बांधलात कशाला? मागच्या दारी बादलीतनं येतं, नांग्या बांधून येतं, ते आमच्याकडे चुलीवर जातं. इतक्या वर्षांत एकही खेकडा या दारात मैत्री करायला आलेला नाही."

पहिल्यांदा फणसराव हसला, पोशाखाच्या आतून, खॉक्‌ खॉक्‌. मग शमिकाने दिग्दर्शकाच्या ताटाकडे बघितलंन, कमरेवर हात ठेवलेन आणि सुरू केलंन, "बांधावरच्या मामाला पाय दहा..." पापडापर्यंत येता येता बारा मुंग्या डबे वाजवत तिच्यामागे उभ्या राहिल्या. आणि 'रटरटली'ला सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा, तर ज्ञानेश्वरीचा.

स्वरूप भरल्या तोंडाने "कट, कट" म्हणत होता. पण कॅमेरावाला ओमकार कधीच उठून कॅमेरा चालू करून बसला होता. गाणं संपल्यावर त्याने छोट्या पडद्यावर ते दाखवलंन. त्यात पोरं नाचत होती, शमिका कमरेवर हात ठेवून मधे उभी, आणि मागे तोंडात नांगी धरलेला स्वरूप.

स्वरूपने ते दोनदा बघितलं. तीन दिवसांत असं एकदाही मिळालं नव्हतं, हे त्याला काही लपवता आलं नाही.

"शमिकाच म्हातारी," तो शेवटी म्हणाला. "शेवटही जुनाच. पण आजी, पैसे घालणाऱ्यांना काय सांगू? पोस्टरवर मैत्री छापून झाली."

गोदाने डाव टोपात ठेवला आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐक स्वरूपा. तू वाईट नाहीस, नुसता भित्रा आहेस. एवढीशी पोर खरं बोलली तर तिला मुंगी करायला निघालास, आणि तू स्वतः तीनदा भात घेतलास. पोस्टरवर काय ते फाड नाहीतर रंगव, माझ्या पोरीचं गाणं फाडायचं नाही. आणि ती नांगी अर्धी टाकू नको, नीट चोख. मेलेल्या हिरोचा असा अपमान बरा नव्हे."