हवेतले स्वयंपाकघर

सान लिबोरिओच्या माणसांना जन्मस्थळ विचारले, की ती बोट उचलून हवेत दाखवत. यात थट्टा नव्हती. ज्या टेकडीवर त्यांची घरे, चर्च आणि शाळा होती, ती अख्खी टेकडी तांब्यासाठी खणून नेली गेली होती. तिच्या जागी आता मैलभर रुंदीचा खड्डा होता, आणि घरे जिथे होती तिथे नुसती हवा. पुढे खाणही बंद पडली. खालच्या अंगाला उरलेल्या दोन गल्ल्यांत काही म्हातारी माणसे, ऊन स्वस्तात मिळते म्हणून आलेले चार चित्रकार आणि बरीचशी मांजरे राहत. तरीही दर सप्टेंबरात एका रविवारी जुनी कुटुंबे खड्ड्याच्या काठावर जमत, जेवत, आणि जेवणे उरकली की काठाशी उभी राहून नातवंडांना आपापले घर दाखवत.

गेल्या वर्षी या दाखवण्यावरूनच देल्फिना आणि तिचा थोरला भाऊ इलारिओ यांच्यातले बोलणे बंद झाले होते.

देल्फिनाचा नवरा फिदेन्सिओ त्या वेळी दोघांच्या मध्येच उभा होता. इलारिओच्या नातीने विचारले, पणजीचे स्वयंपाकघर कुठे होते? दोन बोटे उठली आणि दोन दिशांना गेली.

“तिथं खेचरांचा तबेला होता,” इलारिओ बहिणीला म्हणाला. “आईला नेऊन तबेल्यात बसवलीस.”

“आणि तू दारूच्या गुत्त्यात! तुझं बोट सवयीनं तिकडंच वळतं.”

लोक हसले, आणि तिथेच घात झाला. हसणारे नसते, तर दोघांनी आणखी चार शिव्या देऊन ते मिटवले असते. त्या दिवसापासून देल्फिना भावाच्या दारावरून जाताना नजर समोर ठेवून जाई; आणि इलारिओ तिची चाहूल लागताच ओसरीवरची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसे. आता तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. यंदाच्या मेळाव्यानंतरच्या सोमवारी त्याचा मुलगा त्याला कायमचा ट्युसन शहरात घेऊन जाणार होता. दोघांचे बोलणे त्याआधी झाले नाही, तर ते होण्याची शक्यता फारशी उरत नव्हती, हे सगळ्या गावाला कळत होते. देल्फिनालाही कळत होते. म्हणूनच तिने नवऱ्याला कामाला लावले.

“तीस वर्षं कंपनीची जमीन मोजलीस ना? आता माझ्या आईचं घर मोज. आणि त्याला जाऊन सांग, की मी बरोबर होते.”

“आणि नसलीस तर?”

“तर तू नीट मोजलं नाहीस.”

फिदेन्सिओ तंत्रशाळेत शिकलेला सर्व्हेअर होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पाडकाम सुरू होण्याआधी, त्याने टेकडीवरची देल्फिनाच्या आईची गल्ली मोजली होती. तिथल्या एका घरातून एका मुलीने त्याच्यावर कुत्रे सोडले होते, आणि पुढे त्याच मुलीशी त्याचे लग्न झाले. त्यामुळे त्या घराची जागा तो विसरणे शक्य नव्हते. सकाळच्या गारव्यात त्याने तिवई आणि दुर्बीण काठावर नेली, पलीकडच्या डोंगराची दोन शिखरे धरून हिशेब मांडला, पुन्हा मांडला, आणि डोके खाजवत बसून राहिला.

दोघेही चुकत होते.

कारण मात्र त्याला लवकर सापडले. पूर्वीचा कठडा लाकडी आणि चांगला लांबलचक होता. पूर्वेच्या टोकाला सावली, म्हणून तिथे बायका आणि जेवणाची पातेली. पश्चिमेच्या टोकाला बिअरचे पिंप, म्हणून तिथे पुरुष. देल्फिना हवेतले घर ओळखायला शिकली ती पूर्वेच्या टोकावरून: समोरच्या कोंबड्यासारख्या सुळक्याच्या पायाशी. इलारिओ शिकला दुसऱ्या टोकावरून: बंद भट्टीच्या धुराड्याखाली. पुढे काठ ढासळू लागला, तेव्हा तो कठडा काढून मागे सिमेंटचा एक छोटा चौथरा बांधला गेला. तेव्हापासून सगळे एकाच ठिकाणी खांद्याला खांदा लावून उभे राहत. खुणा त्याच राहिल्या होत्या. पाय हलले होते.

जेवणाच्या टेबलावर त्याने बायकोला ते समजावले. मिठाची वाटी हे घर, मिरचीची बरणी हा कोंबडा, कॉफीचा कप हे धुराडे.

“म्हणजे मी चूक?” देल्फिनाने विचारले.

“तू बरोबरच. फक्त चुकीच्या जागी उभी राहून बरोबर.”

“आणि तो?”

“तोसुद्धा.”

“नवऱ्यानं बायकोला सांगायची ही कुठली रीत?” असे म्हणून तिने घर उचलले आणि त्यातले मीठ घेवड्यात घातले.

इलारिओकडचे स्वागत याहून बरे नव्हते. तो खोक्यांच्या मधोमध बसला होता. “इंजिनिअरसाहेब, माझी बहीण चुकली एवढं कबूल करा, की येतो रविवारी.”

“तूही चुकलायस, मेव्हण्या.”

“मग ते यंत्र भंगारात घाल.”

तरी रविवारी तो आला. गावातला शेवटचा रविवार घरात खोक्यांबरोबर काढणे त्याला जमले नसावे. मेस्किटच्या लाकडांवर मांस भाजले गेले. मक्याच्या पानांत बांधून उकडलेल्या पिठाच्या तमालांची पातेली रिकामी झाली. भाऊ-बहीण एकमेकांकडे पाठ करून जेवले. जेवणे होताच फिदेन्सिओने दोघांना वेगवेगळे उठवले. चौथऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कुंपणाच्या सुरक्षित अंगाला, त्याने सकाळीच दोन काठ्या रोवून ठेवल्या होत्या. पूर्वेच्या काठीशी देल्फिना, पश्चिमेच्या काठीशी इलारिओ. दोघांत हाकेचे अंतर.

“आता तुझा कोंबडा धर,” त्याने बायकोला सांगितले. मग तो चालत मेव्हण्याकडे गेला. “आता तुझं धुराडं धर.”

दोन्ही हात उठले. मधल्या चौथऱ्यावरच्या लोकांना दोन्ही बोटांच्या रेषा खड्ड्याच्या हवेत एका ठिकाणी मिळताना दिसल्या, आणि कुणीच हसले नाही.

 इलारिओ हात खाली न घेता फिदेन्सिओला म्हणाला, “तिला विचार, चूल उजव्या हाताला होती ना?”

फिदेन्सिओ चालत गेला.

“त्याला सांग, पुढच्या दारानं येणाऱ्याला उजवी,” देल्फिना म्हणाली. “मागच्या दारानं येणाऱ्याला डावी. पहाटे बूट हातात घेऊन मागच्या दारानं कोण यायचं, तेही विचार.”

फिदेन्सिओ परत गेला. उत्तर घेऊन पुन्हा आला. पुन्हा गेला. त्याचे गुडघे या वयात निरोप्याचे राहिले नव्हते. अर्ध्या वाटेवरचा एक दगड बघून तो त्यावर बसला.

“मी बसलोय,” तो मोठ्याने म्हणाला. “तुम्हा दोघांनाही कान आहेत.”

 मग इलारिओने घसा खाकरला.

“देल्फिना! खिडकीत काय होतं?”

“कुठल्या खिडकीत?”

“आईच्या! चुलीवरच्या!”

“तेलाचा डबा! त्यात फुलझाड!”

“गुलाबी फुलांचं!”

“लाल!”

“गुलाबी होतं, बाई! मी रोज बघायचो!”

“लालच होतं! खाणीच्या धुळीनं गुलाबी दिसायचं! मी धुवायचे ते!”

 एवढ्या वर्षांत हे इलारिओला कुणी सांगितलेच नव्हते. तो हसू लागला. हसता हसता डाव्या हाताने त्याने उजवे कोपर धरून ठेवले, पण बोट हलू दिले नाही.

“सुरुंगाचा भोंगा झाला की आई काय करायची, आठवतं?”

“कणकेवर फडकं टाकायची!”

“आणि मग?”

“मग आपल्यावर!”

“आधी पीठ, मग पोरं!”

“पीठ विकत आणावं लागायचं!”

आता दोघेही हसत होते, आणि देल्फिना मोकळ्या हाताने डोळे पुसत होती. चौथऱ्यावरची माणसे आपापली घरे दाखवायची विसरून ऐकत उभी होती.

“उद्या पोरगा कितीला येतोय?” तिने ओरडून विचारले.

“सकाळी!”

“न्याहारी माझ्याकडं! दोघांची! आणि खोकी भरायला मी आत्ताच येते तुझ्याबरोबर, तू कपबशा नीट गुंडाळल्या नसशीलच!”

“नाही गुंडाळल्या!” इलारिओने तत्परतेने कबूल केले.

दगडावर बसल्या बसल्या फिदेन्सिओच्या ध्यानात आले, की दोघांचीही बोटे किंचित खाली रोखलेली आहेत. उंचीच्या हिशेबाने ते दोघे तळघराच्या पातळीवर बोलत होते. ते सांगावे असे त्याला एकदाही वाटले नाही. निखाऱ्यांवरची कॉफी अजून गरम होती. तो उठला, दोन कप भरून घेतले, आणि त्यांतला एक घेऊन आधी उद्यापासून पाहुणा होणाऱ्या इलारिओच्या टोकाकडे निघाला.